ओलिव्हिए मेसियाँ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेसियाँ कोण होते?

विसाव्या शतकातले फ्रेंच संगीतरचनाकार, ऑर्गनवादक आणि शिक्षक. जन्म १० डिसेंबर १९०८, दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यों शहरात. मृत्यू २७ एप्रिल १९९२, पॅरिसला लागून असलेल्या क्लिशी इथे. १९३१ पासून मरेपर्यंत ते पॅरिसच्या सँत त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक होते आणि १९४१ ते १९७८ पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत शिकवत होते. या दोन नोकऱ्या सांभाळून त्यांनी ऑर्गन, पियानो, वाद्यवृंद आणि रंगमंच यांसाठी जे लिहिलं, ते दुसऱ्या कुणाचंही वाटणार नाही असं आहे. दोन मिनिटं कानावर पडलं तरी ओळखू येतं.

आडनावाचा शेवट अनुनासिक आहे. 'मेसिएन' नव्हे.

मराठी माणसानं त्यांच्यात एवढा रस का घ्यावा?

चांगलं संगीत आहे, एवढं कारण खरं तर पुरे. पण आणखी एक कारण आहे आणि ते थेट देवगिरीला जाऊन पोचतं.

तेराव्या शतकात यादव राजा सिंघण (कारकीर्द साधारण १२१० ते १२४७) याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले होते. शार्ङ्गदेव स्वतः दरबारी हिशेब पाहणारा, 'श्रीकरणाधिप'. देवगिरीत, म्हणजे आजच्या दौलताबादच्या किल्ल्याच्या परिसरात, त्यानं 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा ज्याला आपला मानतात असा हा ग्रंथ. त्याच्या पाचव्या अध्यायात, तालाध्यायात, १२० देशी तालांची यादी आहे.

मेसियाँ यांनी ती यादी तरुणपणी वाचली आणि आयुष्यभर वापरली. रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश, सिंहविक्रीडित, गजझंप ही नावं त्यांच्या पुस्तकांत आणि छापील स्वरलिपींत जागोजागी येतात. यादवांच्या हिशेबनिसानं मांडलेले आकडे सातशे वर्षांनी एका फ्रेंच कॅथलिक ऑर्गनवादकाच्या वहीत उतरले. आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

ते ताल त्यांच्या हाती लागले कसे?

पुस्तकातून. कुणी भारतीय गुरू नव्हता, गंडाबंधन नव्हतं. पॅरिसमध्ये लाव्हिन्याक यांच्या संपादनाखाली निघालेला एक भलामोठा संगीत-ज्ञानकोश होता. त्यात जोआनी ग्रोसे या अभ्यासकानं भारतीय संगीतावर लिहिलेल्या विस्तृत लेखात शार्ङ्गदेवाचे ताल पाश्चात्त्य चिन्हांत मांडून दिले होते. शिकत असतानाच्या काळात मेसियाँ त्या कोष्टकापाशी थांबले आणि पुढे त्यावर वर्षानुवर्षं डोकं चालवत राहिले. कॉन्झर्व्हेटरीत मोरिस एमानुएल यांच्याकडून प्राचीन ग्रीक छंदांची ओळख आधीच झाली होती. त्यामुळे ठोके सारख्या अंतरानं पडलेच पाहिजेत, ही पाश्चात्त्य सवय त्यांच्या बाबतीत तेव्हाच सुटलेली होती.

म्हणजे त्यांच्या संगीतात ताल ऐकू येतो? सम सापडते?

नाही. आणि इथेच बहुतेक भारतीय श्रोत्यांची पहिली निराशा होते.

आपल्याला ताल म्हटलं की आवर्तन आठवतं. ठेका, टाळी, खाली आणि समेवर येण्याची ओढ. गायक कितीही लांब भटकून आला तरी सम त्याची वाट पाहत असते, आणि तो नेमका तिच्यावर उतरला की आपण मान हलवतो. मेसियाँ यांच्याकडे यातलं काहीच नाही. त्यांनी घेतला तो तालाचा सांगाडा: लघु, गुरू, प्लुत, द्रुत यांची एकामागून एक येणारी मालिका. लघु म्हणजे एक, गुरू दोन, प्लुत तीन, द्रुत अर्धा. वर 'विराम' लागला की त्या कालाची निमपट भर. तबला नाही, बोल नाहीत, घराणं नाही. उरतात ते आकडे.

या आकड्यांचं त्यांनी काय केलं? दोन-तीन ताल एकापुढे एक जोडून एक लांब साखळी बनवायची. ती एका वाद्याच्या हाती द्यायची आणि बाकी वाद्यं काय करताहेत याची फिकीर न करता ती पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायची. कधी तीच साखळी ताणायची, कधी आकसायची. 'विरामा'ची कल्पना त्यांना विशेष आवडली. एखाद्या साध्या लयीत अचानक अर्ध्या मात्रेची भर घालून ती किंचित लंगडी करायची, ही त्यांची ठेवणीतली युक्ती. १९३५ च्या 'ला नातिव्हिते द्यु सेन्यर' या ऑर्गनरचनेपासून ती सर्रास दिसते.

काही जण याला फ्यूजन म्हणतात, काही जण उसनवारी. मला दोन्ही शब्द बसत नाहीत. फ्यूजनमध्ये दोन जिवंत परंपरांची माणसं समोरासमोर बसतात, आणि इथे समोर फक्त छापील पान होतं. उसनवारी म्हणावी तर मूळ वस्तू ओळखू यायला हवी. एखाद्या तबलियाला न सांगता ही रचना ऐकवलीत, तर त्याला रागवर्धन ओळखता येणार नाही, आणि दोष त्याचा नसेल. देशी तालांपैकी बहुतेक आपल्या मैफलीतूनही केव्हाच गेले आहेत. ते मेसियाँ यांच्या कागदावर जिवंत राहिले, पण वेगळ्या जातीचा जीव घेऊन.

'उलट न फिरणाऱ्या लयी' हा काय प्रकार आहे?

त्यांच्या लयशास्त्रातली सगळ्यात सोपी कल्पना. डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, लय तीच राहते, म्हणून ती उलटवताच येत नाही. शाळेत 'यमाताराजभानसलगं' पाठ केलेल्यांना उदाहरण लगेच कळेल. रगण घ्या: 'राजभा', गा ल गा. मागून वाचला तरी गा ल गा. शार्ङ्गदेवाच्या यादीतला 'धेंकी' ताल नेमका हाच आहे, गुरू-लघु-गुरू. मेसियाँ या तालावर अगदी लोभावले होते. काळ एकाच दिशेनं वाहतो असं आपण धरून चालतो, आणि इथे काळाचा एक तुकडा असा, की त्याला पुढे-मागे असं काही नाहीच. त्यांच्या धार्मिक मनाला यात अनंतकाळाची चाहूल लागली.

त्यांचे 'मोड' म्हणजे आपले थाटच का?

नाही, पण हार्मोनियम घेतलंत तर फरक पाच मिनिटांत कळेल. मेसियाँ यांनी असे सात स्वरसमूह निवडले, जे थोड्याच पट्ट्यांत, म्हणजे थोड्याच सुरांना सा मानून, बसवता येतात. त्यातला दुसरा सगळ्यांत जास्त भेटतो: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी. आठ स्वर. आता कोमल गंधाराला सा माना आणि त्याच रचनेनं पुन्हा वर जा. बोटं पुन्हा त्याच आठ पट्ट्यांवर पडतील. नेहमीचा थाट बारा वेगवेगळ्या पट्ट्यांत मांडता येतो. हा फक्त तीनच पट्ट्यांत मांडता येतो, पुढे तेच स्वर परत येतात. म्हणून यातल्या संगीताला 'घर' असं ठाम वाटत नाही. षड्ज तरंगत राहतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला सुरुवातीला हे अस्वस्थ करतं.

हा राग नव्हे. आरोह-अवरोह, वादी-संवादी, पकड यांचा इथे संबंध नाही, आणि हे स्वर प्रामुख्यानं एकत्र, म्हणजे हार्मनीत, ऐकायचे असतात.

घरचं वातावरण कसं होतं?

साहित्याचं. वडील पिएर इंग्रजीचे शिक्षक. त्यांनी शेक्सपिअरचा फ्रेंचमध्ये अनुवाद केला. आई सेसिल सोवाज कवयित्री. ओलिव्हिए पोटात असताना तिनं त्याला उद्देशून एक कवितामालिका लिहिली होती, आणि आपण संगीतकार झालो त्याचं श्रेय ते पुढे त्या कवितांना देत. पहिल्या महायुद्धात वडील आघाडीवर गेले तेव्हा मायलेकरं ग्रनोब्लला राहिली. आल्प्सच्या पायथ्याचा तो भाग त्यांना इतका आवडला, की पुढे आयुष्यभर उन्हाळ्यात तिथेच, पेतिशे या गावी, बसून त्यांनी बहुतेक रचना लिहिल्या. दहाव्या वर्षी नाँत शहरात त्यांच्या शिक्षकानं फ्रेंच संगीतकार द्यब्युसीच्या 'पेलेआस ए मेलिसांद' या ऑपेराची स्वरलिपी भेट दिली. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, ते पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाले. तिथे पोल द्युका यांच्याकडे रचना आणि मार्सेल द्युप्रे यांच्याकडे ऑर्गन शिकले.

युद्धकैदेत असताना लिहिलेल्या रचनेची गोष्ट खरी आहे का?

गाभा खरा आहे, भोवतीची काही सजावट नाही.

१९३९ मध्ये मेसियाँ सैन्यात भरती झाले. नजर कमजोर असल्यानं त्यांना वैद्यकीय मदतनीस म्हणून नेमलं होतं. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स कोसळला, ते जर्मनांच्या हाती सापडले आणि सायलीशियातल्या गोर्लिट्झ इथल्या 'श्टालाग ८-अ' या छावणीत पोचले. ती जागा आज नदीच्या पोलंडकडच्या बाजूला आहे. त्याच छावणीत तीन व्यावसायिक वादक होते: क्लॅरिनेटवादक आंरी आकोका, व्हायोलिनवादक जाँ ल बुलेर आणि चेलोवादक एतिएन पास्किए. चौथे स्वतः मेसियाँ, पियानोवर. ही वाद्यांची जोडणी कुणी विचार करून निवडलेली नव्हती. जे हाताशी होते त्यांच्यासाठी लिहिलं.

या रचनेतला आकोकासाठीचा एकल भाग छावणीत पोचण्यापूर्वीच लिहून झाला होता. कैदी म्हणून उघड्यावर ठेवलेलं असताना आकोकानं तो वाजवून पाहिला आणि हे वाजवणं अशक्य आहे म्हणून कुरकुर केली, असं सांगतात. चेलो गोर्लिट्झमधून विकत आणला, पैसे कैद्यांनी वर्गणी काढून जमवले. कार्ल-आल्बर्ट ब्र्यूल या जर्मन पहारेकऱ्यानं कागद आणि पेन्सिली पुरवल्या, लिहायला एकांत मिळवून दिला, आणि पुढे सुटकेसाठी लागणारे बनावट कागद करायलाही मदत केली.

१५ जानेवारी १९४१ रोजी छावणीतल्या २७ क्रमांकाच्या बराकीत 'कात्युओर पूर ला फँ द्यु ताँ', म्हणजे काळाच्या अंतासाठी लिहिलेली चौकडी, पहिल्यांदा वाजली. बाहेर बर्फ होतं, पुढच्या रांगेत जर्मन अधिकारी बसले होते.

आता सजावट. मेसियाँ सांगत, की पाच हजार कैद्यांनी ती ऐकली आणि चेलोला तीनच तारा होत्या. पास्किए यांनी आयुष्यभर हे खोडून काढलं: तारा चारही होत्या. आणि त्या बराकीत पाच हजार माणसं मावणं शक्यच नव्हतं, श्रोते काही शे असावेत. मला पास्किए यांचं पटतं. तीन तारांवर चौकडीतला चेलोचा पाचवा भाग वाजवून दाखवा म्हणावं.

मेसियाँ १९४१ मध्येच सुटून पॅरिसला परतले आणि कॉन्झर्व्हेटरीत शिकवू लागले. आकोका ज्यू होते. ते त्याच वर्षी कैदेतून निसटले. ल बुलेर यांनी नंतर व्हायोलिन सोडलं आणि ते अभिनेते झाले.

या चौकडीतही भारतीय ताल आहेत?

आहेत, पहिल्याच भागात. पियानोच्या लयीत रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल जोडून १७ कालमूल्यांची साखळी केली आहे. तोच पियानो २९ स्वरसंघातांची (एकदम वाजणाऱ्या स्वरांचे गट, म्हणजे कॉर्ड) दुसरी साखळी फिरवतो. सतरा आणि एकोणतीस दोन्ही मूळ संख्या. म्हणजे दोन्ही साखळ्या पुन्हा एकत्र सुरू व्हायला ४९३ स्वरसंघात लागणार, आणि तो भाग तर तीनेक मिनिटांत संपतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सम ठरलेली आहे, पण ती येण्याआधीच मैफल उठते. वर क्लॅरिनेट आणि व्हायोलिन हे दोन पक्षी, कस्तूर आणि बुलबुलासारखा गाणारा नाइटिंगेल, आपापलं गात राहतात.

शीर्षक बायबलच्या शेवटच्या ग्रंथातून आलं आहे. तिथे देवदूत सांगतो, की आता काळ उरणार नाही. मेसियाँ यांनी ते संगीतातल्या काळालाही लावलं.

आठांपैकी दोन भाग जुन्या रचनांमधून उचललेले आहेत हेही सांगून ठेवतो. चेलोचा संथ पाचवा भाग मूळ १९३७ चा, सहा विजेरी वाद्यांसाठी लिहिलेला, तोही कारंज्यांच्या एका उत्सवासाठी! छावणीत काहीच नवं सुचलं नाही असा याचा अर्थ काढू नये. ती धून त्यांना वाया जाऊ द्यायची नव्हती.

'तुरंगलीला' हे नाव खरंच संस्कृत आहे?

हो. मेसियाँ यांच्या या सिंफनीचं, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचं, नाव शार्ङ्गदेवाच्या तालांच्या यादीतलंच आहे. मेसियाँ त्या नावाचा अर्थ फार पसरट सांगत: प्रेमगीत, आनंद, काळ, गती, लय, जीवन, मृत्यू, सगळंच. आपल्याला 'तुरंग' आणि 'लीला' वेगळे समजावून सांगायची गरज नाही, त्यामुळे त्यांचं स्पष्टीकरण वाचून थोडं हसू येतं. त्यांनी हेही कबूल केलं होतं, की नाव निवडताना त्याचा नाद महत्त्वाचा वाटला.

रचना मात्र प्रचंड आहे. वाद्यवृंद-संचालक सर्ज कुसेव्हित्स्की यांनी बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी ती मागवली. १९४६ ते १९४८ या काळात ती लिहून झाली आणि २ डिसेंबर १९४९ रोजी लेनर्ड बर्नस्टाइन यांनी बॉस्टनमध्ये ती प्रथम सादर केली. दहा भाग, जवळजवळ सव्वा तास. सोबतीला एक अफाट अवघड पियानो आणि 'ऑन्द मार्तनो' हे सुरुवातीच्या काळातलं विजेरी वाद्य. ते स्वरावरून स्वरावर घसरत जातं, आणि मींड ऐकून वाढलेल्या कानाला लगेच आपलंसं होतं. एका भागात तीन लयी पात्रांसारख्या वागतात: एक वाढत जाते, एक आकसत जाते, तिसरी बदलत नाही. मेसियाँ म्हणत, रंगमंचावर तिघे आहेत, एक मारतो, दुसरा मार खातो, तिसरा नुसता पाहतो.

त्यांचा सर्वांत नामवंत शिष्य पिएर बूलेझ याला ही सिंफनी अजिबात आवडत नसे. तिच्यातला गोडवा त्याला सोसत नव्हता. कधीकधी मलाही तो जास्त होतो, पण सहावा भाग लागला की तक्रार विसरायला होते.

पक्ष्यांचं काय प्रकरण आहे?

हे प्रकरण नव्हे, हे त्यांच्या आयुष्यातलं निम्मं काम आहे. १९५० च्या दशकापासून ते पहाटे उठून, वही आणि पेन्सिल घेऊन फ्रान्सभर रानोमाळ हिंडत आणि पक्षी गात असतानाच ऐकून स्वरलिपी उतरवत. सुरुवातीला जाक दलामँ या पक्षितज्ज्ञानं त्यांना पक्षी ओळखायला शिकवलं. नंतरच्या काळात मेसियाँ यांची दुसरी पत्नी टेपरेकॉर्डर सांभाळत असे, पण पहिला भरवसा कानावरच.

जसंच्या तसं मात्र काहीच वाजवता येत नाही. पक्षी माणसाच्या वाद्यांपेक्षा फार वेगानं आणि फार वरच्या सप्तकात गातात, आणि त्यांच्या स्वरांमधली अंतरं पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांपेक्षाही लहान असतात. म्हणून मेसियाँ गाणं एक-दोन सप्तकं खाली आणत, वेग कमी करत आणि अंतरं त्याच प्रमाणात मोठी करत. पक्ष्याच्या आवाजाचा पोत पकडण्यासाठी एकेका स्वराखाली वेगळा स्वरसंघात लावत. पियानोवर कोकीळ वाजल्यासारखी नक्कल ऐकायला मिळेल, या अपेक्षेनं बसणाऱ्याची इथे फसगत होते.

पियानोसाठीचं 'काताल्योग द्वाझो' (१९५६–५८) म्हणजे या कामाचा कळस. तेरा भाग, सात पुस्तकं, पावणेतीन तासांच्या आसपास. प्रत्येक भाग एका पक्ष्याच्या नावाचा, पण त्यात त्याचा मुलूख, शेजारचे पक्षी आणि दिवसाची वेळही येते. दलदलीतल्या बोरूत राहणाऱ्या वटवट्यावरचा भाग सगळ्यांत लांब, अर्ध्या तासाचा. तो मध्यरात्री सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या रात्री तीनपर्यंतचे तास क्रमानं दाखवतो. आपल्याकडे रागाला प्रहर असतो. इथे पक्ष्याला प्रहर आहे आणि तो निसर्गानंच नेमलेला आहे.

भारतीय पक्षी हवे असतील तर 'वाझो एग्झोतिक' (१९५६) ऐका. पियानो, फुंकवाद्यं आणि तालवाद्यं, तंतुवाद्य एकही नाही, वेळ पाव तास. त्यात अमेरिकेपासून मलेशियापर्यंतच्या पक्ष्यांसोबत भारताची डोंगरी मैना आणि शामाही आहे. हाच शामा आपल्या सह्याद्रीत गातो. या परक्या पक्ष्यांसाठी त्यांनी ध्वनिमुद्रणांचा आधार घेतला होता. आणि तालवाद्यांच्या हातात काय दिलं आहे? पुन्हा शार्ङ्गदेवाचे ताल, ग्रीक छंदांच्या जोडीनं.

त्यांना सूर ऐकताना रंग दिसत, हे खरं?

ते तसं सांगत, आणि डोळ्यांना नव्हे तर मनाच्या डोळ्याला, हे स्पष्ट करत. ठरावीक स्वरसंघात म्हणजे ठरावीक रंग: वर सांगितलेला दुसरा मोड त्यांना निळा-जांभळा दिसे. स्वरलिपीच्या पानांवरही ते रंगांची नावं लिहीत. लहानपणी पॅरिसच्या सँत शापेलमधली रंगीत काचचित्रं पाहिली, त्याचा परिणाम कायम राहिला असं त्यांचं म्हणणं होतं. श्रोत्याला ते रंग दिसले नाहीत तरी काही बिघडत नाही.

भारतीय ताल, संस्कृत नावं... मग ते हिंदू तत्त्वज्ञानाकडे वळले होते का?

मुळीच नाही. ते आयुष्यभर कट्टर, आनंदी कॅथलिक राहिले. देवगिरीचे ताल त्यांनी येशूच्या जन्मावरच्या, पेंटेकॉस्टवरच्या, पुनरुत्थानावरच्या रचनांमध्ये वापरले आणि त्यात त्यांना काहीच विसंगत वाटलं नाही. पूर्वेकडे शांती शोधायला निघालेल्या पाश्चात्त्यांच्या रांगेत त्यांना उभं करू नये.

वैयक्तिक आयुष्य?

१९३२ मध्ये व्हायोलिनवादक आणि रचनाकार क्लेर देल्बोस यांच्याशी विवाह. १९३७ मध्ये मुलगा पास्काल. पुढे एका शस्त्रक्रियेनंतर क्लेर यांची स्मृती ढासळत गेली. त्यांची अखेरची वर्षं शुश्रूषागृहात गेली, आणि १९५९ मध्ये त्यांचं निधन झालं. घर आणि मूल मेसियाँ यांनी एकट्यानं सांभाळलं. १९६१ मध्ये त्यांनी शिष्या आणि पियानोवादक इव्हॉन लोरियो यांच्याशी लग्न केलं. १९४४ पासूनचं त्यांचं जवळजवळ सगळं पियानोलेखन लोरियो यांची बोटं समोर ठेवून झालेलं आहे. त्या नसत्या, तर इतकं अवघड लिहायचं धाडस त्यांनी केलं असतं असं वाटत नाही.

शिक्षक म्हणून ते एवढे नावाजलेले का?

विद्यार्थ्यांची नावं पाहा: बूलेझ, श्टॉकहाउझेन, झेनाकिस, ग्रीझे, म्युराय, जॉर्ज बेंजामिन. यांतल्या एकाचंही संगीत मेसियाँ यांच्यासारखं नाही, आणि मला यातच त्यांचं मोठेपण दिसतं. यानिस झेनाकिस वास्तुरचनेच्या कामातून संगीताकडे आलेला, तिशीच्या आसपासचा ग्रीक निर्वासित. हार्मनी पहिल्यापासून शिकू का, असं त्यानं विचारलं. मेसियाँ यांनी त्याला नको म्हणून सांगितलं: तू ग्रीक आहेस, वास्तुरचना आणि गणित जाणतोस, तेच संगीतात आण. कॉन्झर्व्हेटरीच्या प्राध्यापकानं हे म्हणायला धारिष्ट लागतं.

१९४९ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटला लिहिलेल्या 'मोद द व्हालर ए दँतांसिते' या छोट्या पियानोरचनेत त्यांनी ३६ स्वर, २४ कालमूल्यं, १२ आघात आणि ७ बलपातळ्या ठरवून टाकल्या, आणि प्रत्येक स्वराला त्याचं काल-बल कायमचं बांधून दिलं. तरुण मंडळींनी त्यावरून एक अख्खी चळवळ उभारली. मेसियाँ स्वतः त्या रचनेबद्दल फारसं प्रेमानं बोलत नसत.

भारतीय कलाकाराचा त्यांच्याशी थेट संबंध आला का?

आला, तो मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांचा. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या दीडशेव्या वर्षासाठी मागवलेली 'एक्लेर स्युर लो-दला' ही मेसियाँ यांची शेवटची पूर्ण झालेली मोठी रचना. अकरा भाग, सव्वाशेहून अधिक वादक. मेहता यांनी ती ५ नोव्हेंबर १९९२ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा सादर केली. मेसियाँ यांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. तिच्या तिसऱ्या भागात ऑस्ट्रेलियातला लायरपक्षी आहे.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं कुठून सुरुवात करावी?

चौकडीतला पाचवा भाग, चेलो आणि पियानो. अतिसंथ ख्यालाची सवय असलेल्याला त्याची गती परकी वाटणार नाही. मग आठवा, व्हायोलिनचा. त्यानंतर पहिला भाग, सतरा आणि एकोणतीस डोक्यात ठेवून. ऑर्गनसाठी 'आपारिसियों द लेग्लीझ एतेर्नेल' (१९३२) घ्या. दहा मिनिटांत एकच लाट चढते आणि उतरते. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, ऑर्गनचे खालचे सूर त्यात येतच नाहीत. 'तुरंगलीला'चा पाचवा भाग एखाद्या संध्याकाळी मोठ्या आवाजात. ऑर्गनसाठीचं 'लिव्हर दॉर्ग' आणि 'मोद द व्हालर' पहिल्या महिन्यात टाळलेले बरे.

'सँ फ्रांस्वा दासीझ' हा ऑपेरा १९८३ मध्ये पॅरिसला सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली पहिल्यांदा झाला. तो चार तासांहून लांब आहे. घरी ऐकताना दोन-तीन दिवसांत वाटून घ्या. आणि संत फ्रान्सिस पक्ष्यांना उपदेश करतो ते दृश्य एकटंच पाऊण तासाचं आहे, त्याच्यासाठी वेगळा दिवस ठेवा.